कडेवरचं नाव

चार वर्षांपूर्वी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक पदक घेतलं. विकणारा ते चांदीच्या वजनावर विकत होता. कड उन्हात फिरवली तेव्हा अक्षरं दिसली: एक क्रमांक, शिपायाचा हुद्दा, नाव, आडनाव आणि पलटण, ११०वी मराठा. नाव इथे देत नाही. त्याचे वारस कुठेतरी असतील, आणि त्यांना विचारल्याशिवाय ते छापायचा हक्क मला नाही. पण हा लेख त्या नावाबद्दलच आहे.

पदक पहिल्या महायुद्धाचं, 'ब्रिटिश वॉर मेडल'. व्यास ३६ मिलिमीटर. अशी चांदीची पदकं सुमारे ६५ लाख वाटली गेली. एका बाजूला पाचवा जॉर्ज. दुसऱ्या बाजूला विल्यम मॅकमिलनने घडवलेला नग्न घोडेस्वार, शत्रूची गरुडांकित ढाल तुडवणारा, आणि पायाशी कवटी. शिल्प म्हणून ते घोटीव आहे, पण ते लढाईचं चित्र आहे असं कुणी म्हणू नये. ११०वी मराठा सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ती डिव्हिजन कूत-अल-अमारामध्ये वेढ्यात अडकली. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि अनेक भारतीय शिपायांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला. घोडा खावा की धर्म राखावा या पेचात उपाशी राहिलेल्या पलटणीच्या हाती शेवटी काय आलं, तर चांदीतला घोडा. या विसंगतीचा विचार नक्षीकाराने केला नसणार, आणि पदकं जमवणारेही फारसा करत नाहीत.

जमवणाऱ्यांचं ऋण मात्र मान्य करायला हवं. १९८०च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा ही पदकं मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली. ज्यांनी ती वितळू दिली नाहीत ते बहुतांशी छंदिष्ट लोक. कड वाचायची सवयही त्यांचीच. कुणी जुनं नाव घासून नवं घातलं असेल तर व्यास किंचित कमी भरतो, म्हणून ते कॅलिपर लावून मोजतात. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची निम्म्याहून अधिक सेवापत्रं जळाली. तेव्हापासून पदकं आणि पदकांच्या याद्या हाच कित्येकांचा पुरावा उरला आहे.

माझी तक्रार या छंदाच्या चौकटीबद्दल आहे, आणि तीही अक्षरशः. पदक काचेच्या फ्रेममध्ये मखमलीवर बसवलं की राजा तरी दिसतो किंवा घोडेस्वार तरी. कड झाकली जाते. म्हणजे साम्राज्याने स्वतःबद्दल जे सांगितलं ते भिंतीवर, आणि शिपायाबद्दल जे नोंदवलं ते अंधारात. घराघरांतल्या दिवाणखान्यांत आणि प्रदर्शनांत मी हेच पाहिलंय. विक्रीच्या याद्यांमध्येही भाव चढतो तो अधिकाऱ्याच्या पदकाला, गाजलेल्या लढाईला. साधा शिपाई तिथे 'कॉमन' ठरतो.

हे खटकतं, कारण त्या शिपायाचं नाव दुसरीकडे फारसं कुठे कोरलेलं नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांचे फक्त आकडे. हा भेदभाव होता, अशी कबुली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या अहवालाने २०२१मध्ये दिली. आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. पदकाच्या कडेवर मात्र नाव आहे. ते आदरापोटी आलं असेल असं मला वाटत नाही. वाटप चुकू नये म्हणून आलं असावं. आमच्या धंद्यात ज्याला 'प्रायमरी की' म्हणतात, तसं. पण हिशेबासाठी लिहिलेलं नावही नावच असतं.

'पोटासाठी साहेबाच्या फौजेत गेलेल्यांचं कौतुक कशाला?' असं एका मित्राने विचारलं. कौतुक नकोच. पण कोण गेलं, कुठल्या गावातून गेलं हे माहीत नसेल तर पोटाचा मुद्दा तरी कशाच्या जोरावर मांडायचा? त्यासाठीही नाव आणि गाव लागतंच.

आता माझी स्वतःची चूक. पदक घरी आणलं त्याच आठवड्यात, आई देव घासते त्या पावडरीने मी ते लखलखीत केलं. काळपट थर गेला, आणि आधीच झिजलेल्या क्रमांकाचा शेवटचा आकडाही जवळजवळ गेला. तो ३ आहे की ८, हे आता भिंगाखालीही ठरत नाही. कमिशनच्या नोंदी ऑनलाइन आहेत. अनेक भारतीय शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका इंग्रजांच्या कानाला जसा ऐकू आला तसा लिहिलेला असतो. या पलटणीत या नावाचे दोन मृत सापडतात. ३ धरला तर तो साताऱ्याकडचा, ८ धरला तर रत्नागिरीकडचा. पदक माझ्याकडे येईपर्यंत शंभर वर्षं तो आकडा टिकून होता. मी तो दहा मिनिटांत संशयित केला.

तेव्हापासून मी घासणं सोडलंय. पदक आम्लविरहित कागदात असतं. पीव्हीसीच्या पाकिटात नाही, कारण ते प्लॅस्टिक कालांतराने धातूवर हिरवट चिकटा सोडतं. दाखवायचं तर उभं धरून, कड समोर करून दाखवतो. सोबत एक वही आहे: कुठे मिळालं, केव्हा मिळालं, काय दिसतं, आणि माझ्यामुळे काय दिसेनासं झालं. दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना पत्रं लिहिली आहेत. उत्तर आलेलं नाही. एका गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून मी ओळखलंय ते बरोबरच आहे, याचीही खात्री नाही. पैसे दिले ते चांदीचे. नाव विकत घेतलेलं नाही, त्याची फक्त राखण करतोय.