सौर वाहनतळाचा हिशेब
फ्रान्समध्ये २०२३ च्या कायद्याने १५०० चौरस मीटरहून मोठ्या उघड्या वाहनतळांच्या निम्म्या भागावर सौर छपरे बंधनकारक झाली. आपल्याकडे ही कल्पना मांडताना ‘गाड्या उन्हावर धावतील’ एवढेच सांगतात. हिशेब वर्गात करून पाहावा. तिसगावात थांबणाऱ्या एसटीएवढ्या, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर छपरावर ६ किलोवॉटचे पॅनेल बसतात. दिवसाला सरासरी २४ युनिट वीज मिळते. विजेच्या बसला किलोमीटरमागे साधारण एक युनिट लागते. म्हणजे बस अहिल्यानगरलाही पोचायची नाही! विजेची स्कूटर मात्र एका युनिटात सुमारे ३० किलोमीटर जाते. शिवाय ऐन उन्हात बस रस्त्यावर असते. गुरुजींची स्कूटर तेव्हा शाळेच्या आवारात उभीच असते.