बॉण्डकडे उत्तर नसलेले खलनायक

बॉण्डपटातल्या खलनायकांची यादी करायला बसलं की बहुतेक लोक पहिला नंबर डोळे मिटून गोल्डफिंगरला देतात. दुसऱ्यावर ब्लोफेल्ड, कारण मांजर. तिसऱ्या नंबरपासून भांडणं सुरू होतात. १९६२च्या ‘डॉ. नो’पासून २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत इऑनचे २५ सिनेमे आले, म्हणजे भांडायला माल भरपूर आहे. माझी यादी जरा वेगळी येते, कारण निकष वेगळे आहेत. एक, खलनायकाचा प्लॅन निदान कागदावर तरी चालला पाहिजे. दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा : त्याचं बेट, शार्क, लेझर, सगळं काढून घेतल्यावरही त्याच्याकडे एखादा असा प्रश्न उरला पाहिजे, ज्याचं उत्तर बॉण्डकडे नाही.

या दुसऱ्या निकषावर ब्लोफेल्ड लगेच गळतो. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी (१९६७) केन ॲडमने ज्वालामुखीच्या पोटात उभारलेला तो अवाढव्य सेट मला अजूनही थक्क करतो. त्या एका सेटवर जवळपास ‘डॉ. नो’च्या अख्ख्या बजेटएवढा पैसा गेला होता. पण त्या सेटमध्ये बसलेल्या माणसाला हवंय काय? पैसे आणि दरारा, बस्स. नुसते हात आणि मांजर दिसत होती तोवर त्याची भीती वाटायची. चेहरा दिसला आणि पुढे तर लागोपाठ तीन नटांचे तीन चेहरे दिसले. मग २०१५च्या ‘स्पेक्टर’ने कहरच केला. आईबाप गेल्यावर बॉण्डला ज्या माणसाने सांभाळलं त्याचाच पोरगा म्हणजे ब्लोफेल्ड, आणि बाबांचं बॉण्डवर जास्त प्रेम होतं म्हणून हा सगळा उपद्व्याप. जगभर पसरलेली गुन्हेगारी संघटना आणि मुळाशी भाऊबंदकी! ख्रिस्टोफ वॉल्ट्झसारखा नट हाताशी असताना हे करायला खरंच हिंमत लागते.

पहिल्या निकषावर गोल्डफिंगरला तोड नाही, हे मान्य. १९६४चा सिनेमा आहे. प्रेक्षकाला आणि बॉण्डलाही वाटत असतं की हा फोर्ट नॉक्समधलं अमेरिकेचं सोनं लुटणार. बॉण्ड त्याला हिशोब करून दाखवतो की एवढं सोनं हलवायला साठ माणसं, दोनशे ट्रक आणि बारा दिवस लागतील, तोवर अमेरिकन सैन्य झोपा काढणार आहे का? तेव्हा गोल्डफिंगर शांतपणे सुचवतो, हलवायचंय कुणाला? तिथेच अणुबॉम्ब फोडायचा, सोनं ५८ वर्षं किरणोत्सारी करून टाकायचं आणि आपल्या तिजोरीतल्या सोन्याचा भाव दसपट होऊ द्यायचा. गंमत म्हणजे फ्लेमिंगच्या मूळ कादंबरीत (१९५९) तो खरंच सोनं चोरायला निघतो. पटकथाकारांनी कादंबरीतला बग पकडला आणि त्याच बगमधून मालिकेतला सगळ्यात हुशार प्लॅन काढला. कादंबरीतलं त्याचं सोनं विमानाच्या खुर्च्यांमध्ये दडवून भारतात यायचं, हेही जाता जाता. साठच्या दशकातल्या मुंबईत याला कुणी फिल्मी म्हटलं नसतं.

ही ‘दुसऱ्याचं बाद करा, आपलं महाग होतं’ युक्ती मालिकेने पुढे पुन्हा वापरली. ‘अ व्ह्यू टू अ किल’मधला (१९८५) मॅक्स झोरिन भूकंप घडवून सिलिकॉन व्हॅली बुडवायला निघतो, म्हणजे मायक्रोचिपचा बाजार एकट्याचा. क्रिस्टोफर वॉकेन धमाल करतो, पण सिनेमा त्याच्याखाली दमतो. ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मधला (१९९७) मीडियावाला कार्व्हर तर एका मीटिंगमध्ये विचारून घेतो की आपलं नवं सॉफ्टवेअर मुद्दाम बगांनी भरून बाजारात सोडलंय ना, म्हणजे लोक वर्षानुवर्षं अपग्रेड घेत राहतील. हा विनोद होता म्हणे. आम्ही चार डेव्हलपर मिळून बघत होतो, कुणी हसलं नाही.

मालिकेत कामगारवर्गही आहे, त्याच्याकडे यादी करणारे ढुंकून बघत नाहीत. ‘ऑक्टोपसी’ (१९८३) उदयपूरला चित्रित झाला. त्यातला भारत म्हणजे गारुडी, काट्यांवर झोपलेले फकीर आणि करीवरचे विनोद, त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण कबीर बेदींचा गोबिंदा बघा. शेवटी विमान हवेत आहे, बॉण्ड बाहेरून विमानाला चिकटलाय आणि मालक कमाल खान गोबिंदाला सांगतो, जा, बाहेर जाऊन त्याला पकड. क्षणभर गोबिंदाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग तो जातो. रात्री तीन वाजता ज्याला प्रॉडक्शनचा कॉल आलाय, त्याला तो चेहरा ओळखता येईल.

प्रश्न मात्र यातल्या कुणाकडेच नाही. गोल्डफिंगरला सोनं आवडतं, झोरिनला सत्ता. बॉण्ड त्यांना मारतो, हिशोब मिटतो. मालिकेला खरा विषय सापडला तो १९९५ नंतर, ज्युडी डेंच एम झाल्यावर. ‘एम’ म्हणजे एमआय-६ची प्रमुख, बॉण्डची बॉस. डेंचच्या काळातले तीन मोठे खलनायक एकच तक्रार घेऊन येतात : तुमच्या संस्थेने मला विकलं.

पहिला ‘गोल्डनआय’मधला ट्रेव्हेलियन, बॉण्डचा जुना साथीदार, एजंट ००६. त्याचे आईवडील लिएन्झ कोसॅक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ऑस्ट्रियात लिएन्झजवळ ब्रिटिशांना शरण आलेल्या कोसॅकांना ब्रिटनने स्टालिनच्या हवाली केलं, हा खरा इतिहास आहे. बॉण्ड स्वतः कबूल करतो की आपल्या देशाने फार अभिमान वाटावा असं ते काही नव्हतं. पण १९४५च्या घटनेचा सूड घ्यायला १९५९ला जन्मलेला शॉन बीन उभा केलाय, त्यामुळे वयाचं गणित ओढूनताणून बसवावं लागतं. आणि शेवटी ट्रेव्हेलियनचा प्लॅन आधी बँक लुटणं आणि मग लंडन अंधारात टाकणं असा निघतो. बॉण्ड त्याला भामटा ठरवून मोकळा होतो. चौथा नंबर.

दुसरा, ‘स्कायफॉल’मधला (२०१२) सिल्वा. हाविए बार्देमची एंट्री आठवा. लांबच्या टोकाला लिफ्ट उघडते आणि हा माणूस उंदरांची गोष्ट सांगत सांगत, कॅमेरा जागचा न हलता, चालत आपल्या तोंडापर्यंत येतो. हाँगकाँगमध्ये एमचा सगळ्यात लाडका एजंट. सांगितलेल्या कामापलीकडे जाऊन चिन्यांना हॅक करायला लागला, तेव्हा एमने त्याला चिन्यांच्या ताब्यात दिला. बदल्यात सहा एजंट परत मिळाले आणि हाँगकाँगचं हस्तांतर शांततेत पार पडलं. एकाला देऊन सहा. एम हे बॉण्डला सांगते तेव्हा तिच्या आवाजात फारसा चढउतार नाही.

मी ज्या क्षेत्रात आहे तिथे माणसाला ‘रिसोर्स’ म्हणतात. इकडचे दोन रिसोर्स तिकडे, तिकडचा एक रिलीज, हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो आणि बोलणारी माणसं वाईट नसतात. म्हणून मला एमचं गणित कळतं आणि म्हणूनच सिल्वाचंही कळतं. एकाला सहा हे गणित बरोबरच आहे. पण त्या गणितातला ‘एक’ परत येऊन समोर उभा राहिला तर त्याला काय सांगायचं, हे कुठल्याच स्प्रेडशीटमध्ये नसतं. सिल्वा काचेच्या कोठडीत नकली जबडा काढून दाखवतो. पाच महिने छळ सोसून त्याने दातातली सायनाइडची गोळी फोडली होती, पण ती त्याला पुरती मारूही शकली नाही. ते तोंड एमला दाखवायलाच तो एवढ्या लांब आलेला असतो. (त्याचा लॅपटॉप क्यू थेट एमआय-६च्या नेटवर्कला जोडतो, तो प्रसंग मी सोडून देतोय. आमच्याकडे इंटर्नसुद्धा असं करणार नाही.)

आमच्याकडे सिस्टिम पडली की दुसऱ्या दिवशी आरसीए लिहावा लागतो. दोष कुणाचा हे नाही, निर्णय कुठे चुकला हे. ‘स्कायफॉल’मध्ये तसं काहीसं घडण्याची शक्यता दिसते. हेरांची यादी फुटल्याबद्दल एमची संसदीय समितीपुढे चौकशी सुरू असते. एम उत्तरादाखल जग कसं बदललंय ते सांगते आणि टेनिसनची कविता म्हणते. तेवढ्यात सिल्वा पोलिसाच्या वेशात आत शिरून गोळीबार करतो आणि चौकशी उधळते. मला हा सिनेमाचा सगळ्यात अप्रामाणिक आणि सगळ्यात हुशार क्षण वाटतो. कारण चौकशी पुढे गेली असती तर सिल्वाचं नाव निघालं असतं. सिल्वाच गोळ्या झाडतो म्हटल्यावर एमला उत्तर द्यावंच लागत नाही. पण काही वेळाने स्कॉटलंडमधल्या चर्चमध्ये एम मरते. सिल्वाला जे हवं होतं ते होतं, फक्त ते बघायला तो उरत नाही.

अनेकांच्या यादीत हाच पहिला असतो. माझ्या यादीत दुसरा, कारण सिल्वा ही दुसरी आवृत्ती आहे. पहिली आली होती १९९९ला, त्याच एमसमोर आणि नील पर्व्हिस-रॉबर्ट वेड याच पटकथाकारांच्या हातून : ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मधली एलेक्ट्रा किंग.

सिनेमा मध्यम आहे, हे आधीच सांगतो. डेनिस रिचर्ड्स अणुशास्त्रज्ञ आहे, तिचं नाव ख्रिसमस आहे आणि ते फक्त शेवटच्या पांचट विनोदासाठी ठेवलंय. पण सोफी मार्सोची एलेक्ट्रा त्या सिनेमाहून मोठी आहे. तेलसम्राटाची मुलगी, रेनार्ड नावाच्या दहशतवाद्याने पळवलेली. खंडणी पन्नास लाख डॉलर. बाप द्यायला निघतो, एम त्याला थांबवते. मुलगी आमिष म्हणून राहू दे, रेनार्ड तरी सापडेल. इथेही गणित बरोबरच आहे. पुढे बापाला एक रक्कम नोटांच्या रूपात परत मिळते आणि त्या नोटांचाच बॉम्ब होऊन तो एमआय-६च्या मुख्यालयात मरतो. रक्कम असते ३०,३०,००३ पौंड आणि ३ पेन्स. बॉण्ड कॉम्प्युटरवर ती डॉलरमध्ये बदलून बघतो : बरोबर पन्नास लाख. न दिलेल्या खंडणीनेच बाप मेला. सूडाचा इतका नेटका हिशोब मालिकेत दुसरा नाही.

प्लॅनही गोल्डफिंगरच्या तोडीचा. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत पाणबुडीची अणुभट्टी वितळवायची. तिथून जाणारे टँकर बंद पडले की कॅस्पियनचं तेल पश्चिमेकडे नेणारी एकच वाट उरते, तिची पाइपलाइन. हे लिहिणाऱ्यांनी वर्तमानपत्र नीट वाचलं होतं. बॉस्फरसला वळसा घालणाऱ्या बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइनचा करार सिनेमा आला त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९९९मध्ये, इस्तंबूललाच झाला.

तिचा कान बघितलाय? बॉण्डपट खलनायकाच्या शरीरावर खूण ठेवतो : डॉ. नोचे धातूचे हात, ल शीफ्रचा रक्त गाळणारा डोळा, ट्रेव्हेलियनचा भाजलेला गाल, साफिनची कातडी. जणू व्रण म्हणजेच दुष्टपणा. ही सवय इतकी खटकायला लागली की २०१८ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं, चेहऱ्यावरच्या व्रणांनी खलनायक दाखवणाऱ्या सिनेमांना आम्ही पैसे देणार नाही. एलेक्ट्राच्या कानाची पाळी तुटलेली आहे, ती दागिन्याने झाकते. आपण समजतो, अपहरणकर्त्यांनी केलं असणार. नंतर कळतं की ती तिनेच कापली. बळी असल्याचा पुरावा तिने स्वतः तयार केला, कारण खऱ्या बळीला सोडवायला कुणी आलं नव्हतं.

आणि तरी कित्येक याद्यांमध्ये या सिनेमाचा खलनायक म्हणून रेनार्डचंच नाव असतं. बॉण्डही तेच करतो. तो तिला समजावतो की अपहरण झालेल्यांचं मन अपहरणकर्त्याकडे वळतं, त्याला एक नाव आहे. म्हणजे बाईमागे कुणी पुरुष असणारच. ती त्याला सांगते की रेनार्डला तिने वळवलं. शेवटी ती निःशस्त्र असते. रेनार्डला थांबायला सांग, असं बॉण्ड तिला बजावतो. तो आपल्याला मारणार नाही अशी तिला खात्री असते. ती वॉकीटॉकीवर पाणबुडी बुडवायला सांगते आणि बॉण्ड गोळी झाडतो. तिच्या तक्रारीला त्या सिनेमात मिळालेलं हे एकमेव उत्तर.

उरलेले नंबर पटकन. गोल्डफिंगर तिसरा. पाचवा ‘कॅसिनो रॉयल’चा ल शीफ्र. त्याच्याकडे प्रश्न नाही, पण मॅड्स मिकेलसेनने त्याला भीती दिलीय. दुसऱ्यांचे पैसे बुडवलेला माणूस कसा घामाघूम होतो ते बघायचं असेल तर तो बघा. ‘क्वांटम ऑफ सोलेस’मधल्या डॉमिनिक ग्रीनला सहावा नंबर द्यायचा मोह होतो. बोलिव्हियाचं पाणी अडवून तेच चढ्या भावाने विकणाऱ्याला लोक फुसका खलनायक म्हणतात, त्यांनी एप्रिलमध्ये टँकरची वाट बघितलेली नसावी. साफिनला नेमकं काय हवं होतं, हे मला तीनदा बघूनही कळलेलं नाही.

एक राहिलंच. एलेक्ट्रानंतरचा सिनेमा ‘डाय अनदर डे’, २००२चा. लेखक तेच, एम तीच. त्यात बॉण्ड स्वतः उत्तर कोरियाच्या तुरुंगात १४ महिने सडतो. एमआय-६ त्याला सोडवायला येत नाही. तो तोंड उघडतोय असा संशय आल्यावर त्याची अदलाबदल होते आणि परत आल्यावर एम त्याला तोंडावर सांगते की तुझ्या सुटकेची किंमत फार जास्त पडली, माझं चाललं असतं तर तू अजून तिथेच असतास. सिल्वाला आणि एलेक्ट्राला जे मिळालं तेच. दाढीवाला, अनवाणी, हॉस्पिटलच्या कपड्यातला बॉण्ड काही मिनिटं तरी त्यांच्या रांगेत उभा असतो. मग तो पळून जातो, हाँगकाँगच्या हॉटेलात दाढी करतो, आणि थोड्या वेळाने क्यू त्याला अदृश्य होणारी गाडी देतो.