वाचा फोडणे, पत्र फोडणे

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या ब्रिटिश साप्ताहिक वृत्तपत्रानं आपला मृत्युलेख स्वतःच लिहिला. 10 जुलै 2011, रविवार. पहिल्या पानावर जुन्या गाजलेल्या पानांची गोधडी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत वाचकांचे आभार व निरोप. 1843 साली सुरू झालेल्या या पत्राचा हा 8,674वा अंक. एरवी त्याच्या सव्वीस-सत्तावीस लाख प्रती खपत. त्या दिवशी सुमारे 38 लाख खपल्या. ज्या आठवड्यात हे पत्र हातात धरणंही लाजिरवाणं ठरलं होतं, त्याच आठवड्यात ते विकत घेणाऱ्यांची रांग वाढली.

तो मथळा मी मराठीत आणून पाहिला आहे. इंग्रजीतला निरोप एकट्यालाही घेता येतो. मराठीत निरोप घेणाऱ्याला तो देणारं कुणीतरी लागतं. 'आम्ही तुमचा निरोप घेतो' असं लिहिलं की 'तुमचा' म्हणजे कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. या पत्राच्या बंद होण्यावर तेव्हा जे लिहिलं-बोललं गेलं, ते आज पुन्हा वाचताना मला हाच प्रश्न सतावतो. त्या सगळ्या कोलाहलात वाचक नावाचा माणूस जवळजवळ कुठेच दिसत नाही.

आधी घटनाक्रम. राजघराण्याशी संबंधित लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याबद्दल या पत्राचा एक बातमीदार आणि एक खासगी गुप्तहेर जानेवारी 2007 मध्ये तुरुंगात गेले. 2009 मध्ये 'द गार्डियन'नं लिहिलं की प्रकरण त्या दोघांपुरतं नाही. लोक ढिम्म राहिले. रविवारचा खप चालूच राहिला. मग 4 जुलै 2011 रोजी 'गार्डियन'नं छापलं की 2002 साली बेपत्ता झालेल्या आणि पुढे खून झाल्याचं उघड झालेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा व्हॉइसमेलही या पत्रासाठी ऐकला गेला होता. इतकंच नाही, तर भरलेल्या पेटीत जागा व्हावी म्हणून काही संदेश पुसले गेले आणि त्यामुळे मुलगी जिवंत असल्याची खोटी आशा आईबापांना लागली. देश पेटून उठला. मोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या. तिसऱ्या दिवशी, 7 जुलैला, जेम्स मर्डॉक यांनी पत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं.

प्रतिक्रिया तीन तऱ्हेच्या होत्या. पहिली आनंदाची: घाण गेली. दुसरी हळहळीची: 168 वर्षांचं पत्र, दोनशेच्या आसपास माणसांची नोकरी, आणि त्यांतल्या बहुतेकांचा या पापाशी संबंध नाही. तिसरी संशयाची: एका उपग्रहवाहिनी कंपनीची संपूर्ण मालकी मर्डॉक यांना हवी होती, म्हणून त्यांनी एक बोट कापून हात वाचवला. तिन्हींत तथ्य आहे. तिन्हींत पत्र हेच मुख्य पात्र आहे, कुणासाठी खलनायक, कुणासाठी बळी, कुणासाठी प्यादं. ते दर रविवारी विकत घेणारा माणूस मात्र प्रेक्षागृहात बसलेला आहे. जॉर्ज ऑर्वेलला तो दिसला होता. 1946च्या एका निबंधाच्या सुरुवातीलाच त्यानं त्याला रविवारच्या भरपेट जेवणानंतर सोफ्यावर पाय पसरून बसवून, हातात हेच पत्र देऊन, त्याला वाचायला काय आवडतं हे सांगितलं आहे: खून. निबंध विनोदी सुरात आहे, म्हणून तो आरोपपत्रही आहे हे चटकन लक्षात येत नाही.

आपणही त्या सोफ्यावर बसलो होतो, हे भारतीय वाचकानं विसरू नये. ऑगस्ट 2010 मध्ये याच पत्रानं वेशांतर करून, पैसे पुढे करून, लॉर्ड्स कसोटीतल्या ठरवून टाकलेल्या नो-बॉलचं बिंग फोडलं. पाकिस्तानचे तीन खेळाडू पुढे तुरुंगात गेले. त्या आठवड्यात आमच्या जबलपुरात पानाच्या टपरीवरही या पत्राची वाहवा होत होती. रीत तीच होती, सोंग आणि सापळा. शिकार आपली नव्हती इतकंच. तो सापळा रचणारा बातमीदार 2016 साली, दुसऱ्या एका खटल्यात न्यायाच्या मार्गात अडथळा आणल्याबद्दल, स्वतःच दोषी ठरला. ती बातमी टपरीपर्यंत आली नाही.

'बिंग फोडलं' असं मी सहज लिहून गेले. हे क्रियापद जरा हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. अन्यायाला आपण वाचा फोडतो. बिंग फोडतो, हिंदीतही भंडाफोड़च होतो. बातमी फोडतो. परीक्षेचा पेपर फोडतो. दुसऱ्याचं पत्र फोडतो. घर फोडतो, तिजोरी फोडतो. पत्रकारितेतलं सर्वांत उदात्त काम आणि सर्वांत हलकं काम यांना मराठीनं एकच क्रियापद दिलं आहे. ही भाषेची गरिबी नाही. बंद असलेलं काहीतरी जबरीनं उघडलं जातं, एवढंच ते सांगतं. उघडणाऱ्याचा हेतू आणि ज्याचं उघडलं त्याची संमती हे दोन्ही ते आपल्यावर सोपवतं. मेलेल्या मुलीचा व्हॉइसमेल ऐकणं म्हणजे पत्र फोडणं. ते करणाऱ्यांपैकी काहींना आपण वाचा फोडतो आहोत असं मनापासून वाटत असेल, हीच त्यातली भीतिदायक गोष्ट.

हे मी काठावर बसून लिहीत नाही. एम.ए. झाल्यावर काही महिने मी जबलपुरातल्या एका हिंदी सांजदैनिकासाठी किरकोळ अनुवाद करत असे. एकदा तिथल्या माणसानं दोन पानी मराठी पत्राची झेरॉक्स पुढे टाकली. शहरातल्या एका मराठी घरातली सून घर सोडून निघून गेली होती. तिनं बहिणीला लिहिलेलं ते पत्र कुणीतरी दैनिकापर्यंत पोचवलं होतं. 'अन्याय को आवाज़ देनी है,' तो म्हणाला. मी तासाभरात हिंदी करून दिलं. पत्रात एक वाक्य होतं, साधंच: तिला आता सगळ्याचा कंटाळा आलाय. कंटाळ्याला हिंदीत ऊब म्हणता येतं, पण ते फिकं वाटत होतं. मी लिहिलं, दम घुटता है. दुसऱ्या दिवशी तेच शब्द मथळ्यात होते. संध्याकाळी सहाच्या आत अंक संपला. रात्री तिच्या सासरच्या दारापुढे लोक जमले.

आमच्या शेजारच्या काकूंनी तो अंक जपून ठेवला होता. 'तू केलंस का गं हे? छान उतरलंय,' म्हणाल्या. मग हळूच, 'पुढचं पत्र कधी यायचंय?' चार-पाच वर्षांनी ते दैनिक बंद पडलं. पैसे उकळण्याच्या तक्रारी होत्या, आणखीही बरंच होतं. काकू म्हणाल्या, 'बरं झालं. घाणेरडं होतं मेलं.' त्या खोटं बोलत नव्हत्या. दोन्ही वेळा मनापासूनच बोलल्या. मला हसू आलं होतं, कारण मीही तेच म्हणत होते. त्या बाईला ते पत्र छापायला हवं होतं का, हे आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं.

माझ्या त्या दोन शब्दांमुळे मला लंडनच्या प्रकरणातला एक तपशील विसरता येत नाही. डिसेंबर 2011 मध्ये पोलिसांनी चौकशी समितीला सांगितलं की आईबापांना खोटी आशा लावणारे संदेश पत्राच्या माणसांनी पुसले असण्याची शक्यता कमी आहे. फोनच्या यंत्रणेनं ते आपोआप पुसले असावेत. 'गार्डियन'नं तशी दुरुस्ती छापली. चोरून ऐकणं खरं होतं, गुन्हा गुन्हाच होता. पण ज्या तपशिलानं देशाचं काळीज हललं, तोच डळमळीत निघाला. लोकांना चीड यायला अपराध पुरेसा नव्हता, दम घुसमटवणारा एक तपशील हवा होता. म्हणजे ज्या भुकेनं हे पत्र पोसलं होतं, तिनंच त्याला खाल्लं. चार वर्षांपूर्वीही अपराध तोच होता. तेव्हा कथा रंगत नव्हती.

मुंबईच्या 'ब्लिट्झ'ची गोष्ट इथे ताडून पाहावी. 1 फेब्रुवारी 1941 रोजी रूसी करंजिया यांनी सुरू केलेल्या या साप्ताहिकानं सत्ताधाऱ्यांची अनेक बिंगं फोडली. आणि 1959च्या नानावटी खटल्यात आरोपी नौदल अधिकाऱ्याची बाजू घेऊन उघड मोहीमही चालवली. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं ते मानलं नाही आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. पण रस्त्यावरचा निकाल आधीच लागला होता. मराठी रंगभूमीनंही त्यावर मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' हे नाटक उभं केलं. नव्वदच्या दशकात 'ब्लिट्झ' हळूहळू विझलं, तेव्हा ना जल्लोष झाला ना शोक. तोवर तीच भूक भागवणारी दुसरी दुकानं उघडली होती.

या सगळ्याचं सर्वांत अचूक वाचन मला एका मराठी नाटकात सापडतं, तेही लंडनच्या घटनेच्या तीस वर्षं आधीचं. इंग्रजी दैनिकाच्या एका बातमीदारानं बाईंची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक बाई विकत घेतली, या 1981च्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी 'कमला' लिहिलं. नाटकातला जयसिंग वाचा फोडायलाच निघाला आहे. कमलाला तो फाटक्या वेशात पत्रकार परिषदेपुढे उभी करतो. जमलेले पत्रकार तिला नको ते विचारून हसतात. शेवटी मालकाला ही बातमी अडचणीची होते आणि जयसिंगचीच नोकरी जाते.

'कमला'वर सहसा लिहिलं जातं ते सरिताच्या जागृतीबद्दल, आणि ते योग्यच आहे. मला दिसते ती शेवटच्या प्रवेशाची रचना. जयसिंग कोसळतो तेव्हा प्रेक्षकाचं मन त्याच्याकडे ओढलं जातं. मालक नीच, बातमीदार बिचारा, असा हिशेब आपण मनात मांडू लागतो. त्या क्षणी कमला रंगमंचावर नसते. तिला केव्हाच अनाथाश्रमात पाठवलेलं असतं, आणि ती नाही हे आपल्या लक्षातही आलेलं नसतं. तेंडुलकर ते बोलून दाखवत नाहीत. आपल्याला विसरू देतात. 10 जुलैचा निरोपाचा अंक हा नेमका तो शेवटचा प्रवेश होता. कार्यालयातून एकत्र बाहेर पडणारे पत्रकार, डोळ्यांतलं पाणी, आठवण म्हणून घेतलेल्या प्रती. जिचा फोन फोडला गेला ती मुलगी त्या दृश्यात कुठेच नव्हती.

म्हणून बंद पडणं ही शिक्षा असते, हे मला पटत नाही. न्यायालयात पुढे काही दोषी ठरले, काही सुटले. न्यायमूर्ती लेव्हसन यांचा जाडजूड अहवाल नोव्हेंबर 2012 मध्ये आला. ते कायद्याचं काम होतं. बंद पडण्यानं मात्र उलटंच साधलं: गोष्टीला शेवट मिळाला, आणि शेवट मिळाला की वाचक पुस्तक मिटून हात धुतो. 26 फेब्रुवारी 2012 रोजी त्याच मालकांनी रविवारचं नवं पत्र काढलं. त्याचा पहिला अंक तीस लाखांहून अधिक खपला. सात महिन्यांपूर्वी निरोप दिलेली माणसं पुन्हा दारात उभी होती.

ते हिंदी कात्रण माझ्याकडे आहे. परवा मी त्या वाक्यासाठी पुन्हा शब्द शोधत बसले होते. 'कंटाळा'साठी ऊब, उकताहट, थकान असे तीन पर्याय वहीत लिहिले आणि मग थांबले. शब्द चुकला होता हे खरं, पण ती दुय्यम चूक होती. झेरॉक्स पुढे आली तेव्हा, पत्र कुणाचं आहे आणि तिनं ते कुणासाठी लिहिलं आहे, हे दोनच प्रश्न मला विचारायचे होते. दोन्हींची उत्तरं पत्राच्या पहिल्या ओळीतच होती. तिथे बहिणीचं नाव होतं.