स्पॅनिशचे दोन भूतकाळ : रूपतक्त्याच्या अध्यापनाची समीक्षा

प्रस्तावना :
स्पॅनिशच्या प्राथमिक अध्यापनात नियमित क्रियापदांचा भूतकाळ बहुधा तक्त्याद्वारे शिकविला जातो. हा तक्ता आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रूपविचार :
'आब्लार' (बोलणे) या क्रियापदाची पूर्ण भूतकाळातील रूपे आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन अशी होतात. 'कोमेर' (खाणे) व 'विविर' (राहणे) यांचे प्रत्यय समान असून कोमी, विवी अशी रूपे सिद्ध होतात. अपूर्ण भूतकाळात आब्लाबा, कोमीआ, विवीआ अशी रूपे येतात. येथे आघात निर्णायक ठरतो. 'आब्लो'मध्ये पहिल्या अक्षरावर आघात असल्यास 'मी बोलतो' व अंत्याक्षरावर असल्यास 'तो किंवा ती बोलली' असा अर्थ होतो. मराठीत आघाताने काळ बदलत नाही. म्हणून हा भेद कानाला स्वतंत्रपणे शिकवावा लागतो. तसेच 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' असे मराठी क्रियापद कर्मानुसार बदलते. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे 'कोमी' हेच रूप राहते.

अर्थविचार :
अपूर्ण भूतकाळ म्हणजे 'दीर्घकाळ चाललेली क्रिया' हे प्रचलित स्पष्टीकरण सदोष आहे. 'माद्रिदमध्ये दहा वर्षे राहिलो' येथे स्पॅनिश 'विवी' हे पूर्ण रूपच योजते. मराठीही तेच करते. प्रश्न कालावधीचा नसून दृष्टिकोनाचा आहे. आंद्रेस बेल्यो यांनी 1847 च्या व्याकरणात अपूर्ण भूतकाळाला 'सहभूत' या अर्थाची संज्ञा दिली, ती यामुळेच मार्मिक वाटते : ही क्रिया भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबत चालू असते. 'कोनोसेर' या क्रियापदात हा भेद ठळक होतो. 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो. रूप चुकले तर प्रसंगच बदलतो.

निष्कर्ष :
मराठीत 'बोलत होता' हा अपूर्ण भूतकाळ व 'बोले', 'बोलत असे' हा रीतिभूतकाळ आहे. 'आब्लाबा' या एका रूपात दोन्ही सामावतात. मराठी विद्यार्थ्याजवळ ही जाण उपजतच असते. इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकविताना आपण ती बाजूला सारतो. तक्ता पाठ करून घेण्यापूर्वी एखादा प्रसंग मराठीत सांगावयास लावून त्यातील काळ तपासणे, हा मार्ग अधिक फलदायी ठरेल असे वाटते.