पीएचपी फ्रेमवर्कमधील मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर : विभागणी फोल्डरांची की जबाबदारीची?

प्रस्तावना

पीएचपी शिकविल्या जाणाऱ्या वर्गात ‘एमव्हीसी म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा एकाच साच्यातून येते. मॉडेल म्हणजे डेटाबेसशी संबंधित भाग, व्ह्यू म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग आणि कंट्रोलर म्हणजे या दोहोंना जोडणारा भाग. उत्तरपत्रिकेत तीन चौकोन काढले जातात, त्यांना बाणांनी जोडले जाते, शेवटी फायद्यांची यादी दिली जाते आणि पूर्ण गुण मिळतात. वस्तुतः या उत्तरातील पहिलेच वाक्य अपुरे आहे. पीएचपी फ्रेमवर्कच्या वापरात आढळणारा पुष्कळसा गोंधळ त्या अपुरेपणातून निर्माण झालेला आहे. मॉडेल म्हणजे डेटाबेस असे एकदा मानले की ज्या नियमांसाठी संपूर्ण प्रणाली लिहिली जाते त्या नियमांना घरच उरत नाही. प्रस्तुत लेखात या एका मुद्द्याच्या अनुषंगाने सदर विभागणीची चिकित्सा केली आहे.

संकल्पनेचे मूळ

या संकल्पनेचा जन्म वेबसाठी झालेला नाही. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग हे 1978-79 या काळात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक म्हणून होते. तेथे स्मॉलटॉक भाषेच्या संदर्भात 1979 मध्ये त्यांनी ही मांडणी केली. वापरणाऱ्या माणसाच्या मनात त्याच्या विषयाचे जे चित्र असते आणि संगणकात त्याच विषयाची जी रचना असते, त्यांतील अंतर कमी करणे हा त्यांचा हेतू होता. म्हणजे मॉडेल हे विषयाचे ज्ञान होते, ते साठविण्याची जागा नव्हे. स्मॉलटॉकमध्ये मॉडेलमध्ये बदल झाला की त्याची सूचना व्ह्यूला मिळे व व्ह्यू स्वतःस नव्याने रेखाटी. कळफलक आणि माउस यांवरील क्रिया समजून घेणे हे कंट्रोलरचे काम. प्रत्येक व्ह्यूस त्याचा स्वतःचा कंट्रोलर असे.

वेबवर यांतील बरेचसे लागू पडत नाही. ब्राउझर विनंती पाठवितो, सर्व्हर उत्तर देतो आणि पीएचपीच्या नेहमीच्या पद्धतीत त्या विनंतीपुरत्या निर्माण झालेल्या सर्व वस्तू तेथेच नष्ट होतात. मॉडेलकडे लक्ष ठेवून बसणारा व्ह्यू येथे शिल्लकच राहत नाही. जावाच्या जगात 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘मॉडेल 2’ या नावाने आणि 2000 पासून स्ट्रट्सच्या रूपाने जी वेबयोग्य आवृत्ती रूढ झाली, तिचेच संस्कार पुढे पीएचपीवर झाले. सिम्फनीचे कर्ते फाबियां पोतांसिए यांनी 2011 मध्ये आपली दुसरी आवृत्ती ही एमव्हीसी चौकट नसून विनंती आणि उत्तर यांची चौकट आहे, असे स्पष्टच लिहिले होते. नाव जुने राहिले आणि त्यामागील नाते बदलले, हे पाठ्यपुस्तकांतील तीन चौकोनांच्या आकृतीत क्वचितच उमटते.

एका पानातील संसार

रासमुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये पीएचपी लोकांसमोर ठेवली तेव्हा ती एचटीएमएल पानांत थोडी हालचाल आणण्याचे साधन होती. तिचे सामर्थ्य यातच होते. पानाच्या माथ्यावर डेटाबेसची जोडणी, खाली क्वेरी, त्याखाली तक्ता आणि तक्त्याच्या ओळींमध्ये फिरणारे आवर्तन, असा सारा संसार एका फाइलमध्ये मावत असे. असे पान एका दुपारी लिहून होई आणि चालेही. मात्र तीच क्वेरी दहा पानांत उतरविली गेली आणि रकान्याचे नाव बदलले, म्हणजे दहा पाने शोधण्याची वेळ येई. 2004 मध्ये पीएचपी 5 आली, तिच्यासोबत वस्तुनिष्ठ रचनेचा पक्का आधार आला. त्याच वर्षी रूबी ऑन रेल्स प्रसिद्ध झाले. त्यानंतर 2005 मध्ये केकपीएचपी व सिम्फनी, 2006 मध्ये कोडइग्नायटर, 2007 मध्ये झेंड फ्रेमवर्कची पहिली स्थिर आवृत्ती आणि 2011 मध्ये लाराव्हेल अशी रांगच लागली. बहुतेकांनी तीन फोल्डर दिले किंवा त्या तीन नावांची ग्वाही दिली.

बेघर नियम

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी महाविद्यालयातीलच एक उदाहरण घेता येईल. समजा, परीक्षा अर्ज स्वीकारणारी एक प्रणाली आहे. तिचे नियम तीन : विद्यार्थ्याची उपस्थिती किमान 75 टक्के असावी, मागील शुल्काची बाकी नसावी आणि अंतिम तारखेनंतर आलेल्या अर्जास विलंब शुल्क लागावे. विद्यार्थी प्रोग्रामर कोडइग्नायटरमध्ये प्रत्येक तक्त्यास एक याप्रमाणे उपस्थिती, शुल्क आणि वेळापत्रक अशी तीन मॉडेल तयार करतो. प्रत्येक मॉडेलमध्ये ओळ आणणे, घालणे, बदलणे व काढून टाकणे या चार कृती असतात. आता ‘हा विद्यार्थी अर्ज भरण्यास पात्र आहे काय?’ हा प्रश्न कोणत्या मॉडेलचा? तो तिन्ही तक्त्यांशी निगडित असल्यामुळे एकाही तक्त्याचा नाही. परिणामी तो कंट्रोलरमध्ये जाऊन बसतो. तेथे टक्केवारी काढली जाते, तारीख तपासली जाते आणि त्यानुसार एखादा व्ह्यू दाखविला जातो. फोल्डर तीन आहेत, नावे बरोबर आहेत आणि तपासनीसही समाधानी आहे.

पुढे कार्यालयातील लिपिकास विद्यार्थ्यांच्या वतीने अर्ज भरता यावा म्हणून दुसरा कंट्रोलर लिहिला जातो, आणि पहिल्यातील वीस ओळी त्यात उचलून ठेवल्या जातात. नंतर मोबाइल ॲपसाठी तिसरा येतो. दररोज रात्री अपात्र विद्यार्थ्यांची यादी काढणारी आज्ञावली चौथी. आता वैद्यकीय कारण असल्यास उपस्थितीची मर्यादा 60 टक्के धरावी, असा निर्णय झाला असे समजू. तीन ठिकाणी बदल होतो, चौथे राहून जाते. ॲपवर ‘पात्र’ म्हणून दिसलेल्या विद्यार्थ्याचे नाव दुसऱ्या दिवशी फलकावरील अपात्रांच्या यादीत लागते. डेटाबेस निर्दोष आहे आणि पडदेही सुबक आहेत, पण नियम चार जागी विखुरलेला आहे. जुन्या काळी क्वेरी दहा पानांत विखुरलेली होती, आता त्या जागी नियम आला आहे, एवढाच काय तो फरक!

हा दोष केवळ शिकाऊ प्रोग्रामरच्या माथी मारणे न्याय्य नाही. फ्रेमवर्कांनीच मॉडेल या शब्दास तक्त्याचा अर्थ दिला. मार्टिन फाउलर यांच्या 2002 मधील उद्योग-प्रणालींच्या रचनाबंधांवरील ग्रंथात ॲक्टिव्ह रेकॉर्ड या रचनाबंधाची व्याख्या आहे. त्यानुसार अशी वस्तू तक्त्यातील एका ओळीस वेष्टन देते, डेटाबेसचा व्यवहार सांभाळते आणि त्या माहितीसंबंधीचे विषयनिष्ठ तर्कही स्वतःत सामावून घेते. पीएचपीच्या व्यवहारात या व्याख्येचा पूर्वार्ध उचलला गेला आणि उत्तरार्ध बहुधा गळाला. कोडइग्नायटरने तर क्वेरी रचून देणाऱ्या आपल्या सुविधेसच ॲक्टिव्ह रेकॉर्ड हे नाव दिले होते. 2015 मधील तिसऱ्या आवृत्तीत ते बदलून ‘क्वेरी बिल्डर’ करण्यात आले. ही दुरुस्ती योग्यच होती, परंतु तोवर एका पिढीने ते नाव पाठ केलेले होते.

लाराव्हेलचा इतिहास याहून बोलका आहे. 2015 मधील पाचव्या आवृत्तीत मॉडेलचा स्वतंत्र फोल्डरच काढून टाकण्यात आला. ‘मॉडेल’ हा शब्द निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या अर्थाने प्रतीत होतो, म्हणून तो फोल्डर हेतुपुरस्सर दिलेला नाही, असे कारण त्याच्या दस्तऐवजात नमूद होते. 2020 मधील आठव्या आवृत्तीत तो फोल्डर परत आला. शब्दाची संदिग्धता मात्र जशीच्या तशी राहिली, कारण फोल्डर ठेवल्याने किंवा काढल्याने ती दूर होणारी नव्हती. त्या फोल्डरमध्ये वसणारा वर्ग आजही मुख्यतः तक्त्याचाच प्रतिनिधी असतो. डॉक्ट्रिनची दुसरी आवृत्ती (2010) या दृष्टीने उल्लेखनीय ठरते. पहिल्या आवृत्तीतील ॲक्टिव्ह रेकॉर्ड सोडून तिने डेटा मॅपर स्वीकारला, त्यामुळे विषयाचा वर्ग डेटाबेसविषयी अनभिज्ञ राहू शकतो. तरीही सोय उपलब्ध असणे आणि ती योग्य हेतूने वापरली जाणे यांत अंतर असते. डॉक्ट्रिन वापरूनही केवळ मूल्ये घेणारे व देणारे पोकळ वर्ग लिहिता येतात, आणि ते विपुल प्रमाणात लिहिले जातात.

वरील उदाहरणातील पात्रतेचा नियम ज्या वर्गात असावा त्यास तक्त्याची गरज नाही. उपस्थितीची टक्केवारी, थकबाकी, वैद्यकीय कारण, अर्जाची तारीख आणि अंतिम तारीख एवढे त्यास पुरविले, की त्याने निर्णय द्यावा. अर्जाची तारीखसुद्धा त्याने संगणकाच्या घड्याळातून परस्पर घेऊ नये, तीही बाहेरून पुरवावी. म्हणजे अंतिम तारखेच्या दुसऱ्या दिवशी काय घडते हे तो दिवस उजाडण्याची वाट न पाहता तपासता येते. अशा वर्गास सेवा म्हणावे, विषयवर्ग म्हणावे की मॉडेल म्हणावे, याविषयी मतभेद आहेत. रीन्सकाउग यांच्या मूळ अर्थाने पाहिल्यास मॉडेल हे नाव त्यालाच अधिक शोभते.

व्ह्यूची बाजू

व्ह्यू वेगळा करण्यात पीएचपीला तुलनेने अधिक यश आले आहे. स्मार्टीसारख्या साच्यांपासून ही वाटचाल सुरू झाली. त्यावर ‘पीएचपी स्वतःच साच्यांची भाषा असताना तीत आणखी एक भाषा कशाला?’ असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्य होते, पण एक लाभ त्यात लक्षात घेतला गेला नाही. ट्विग आणि पुढे लाराव्हेलचे ब्लेड यांत छापला जाणारा मजकूर नेहमीच्या लेखनपद्धतीत आपोआप निर्धोक केला जातो. साध्या पीएचपी व्ह्यूमध्ये तेच काम प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावे लागते, आणि एका जागी विसर पडला तरी परक्याची स्क्रिप्ट पानात शिरण्यास वाट मिळते. विभागणी फ्रेमवर्कने प्रत्यक्ष अमलात आणली तेथे तिचे फळ दिसते, हे यावरून ध्यानात येते.

टेरेन्स पार यांनी 2004 मधील आपल्या शोधनिबंधात मॉडेल आणि व्ह्यू यांची विभागणी साच्याच्या इंजिनानेच सक्तीने पाळावी, अशी मागणी केली होती. साच्यात गणिती वा तुलनेची मुभा ठेवली की विषयाचे तर्क त्यात झिरपणार, हे त्यांचे प्रतिपादन. वरील प्रणालीत याचा प्रत्यय सहज येतो. कमी उपस्थितीची ओळ लाल रंगात दाखविण्यासाठी व्ह्यूमध्ये ‘75 पेक्षा कमी असल्यास’ अशी एक निरुपद्रवी भासणारी अट लिहिली जाते. नियमाची ही पाचवी प्रत होय. वैद्यकीय सवलतीनंतर पात्र ठरलेला विद्यार्थीही येथे लालच दिसत राहतो. रंग लाल असावा हे ठरविणे व्ह्यूचे काम आहे, परंतु कोण अपात्र आहे ते त्याने विचारून घ्यावे.

आक्षेपांचा विचार

या साऱ्या खटाटोपाची गरज प्रत्येक संकेतस्थळास आहे काय? लेर्डोर्फ यांनी 2006 मध्येच फ्रेमवर्कविना एमव्हीसी कसे साधता येते याचे एक छोटेखानी उदाहरण लिहून दाखविले होते. सर्व विनंत्या एकाच मोठ्या कंट्रोलरमधून नेण्यास त्यांचा विरोध होता. अनेक महाविद्यालयांच्या परिचयाचे मूडल 2002 मध्ये आले, तर वर्डप्रेस 2003 मध्ये. या दोहोंनी एमव्हीसीचा साचा शिस्तीने कधीच स्वीकारला नाही, तरी दोन्ही टिकून आहेत. चार पानांच्या माहितीपर संकेतस्थळात सांभाळण्याजोगे नियमच नसतात. तेथे तीन थरांचा डोलारा उभारणे म्हणजे केवळ फाइलींची संख्या वाढविणे होय. ‘कंट्रोलर कृश, मॉडेल पुष्ट’ ही रेल्सच्या गोटातून 2006 च्या सुमारास आलेली घोषणाही जपूनच घ्यावयास हवी. तिच्या आहारी जाऊन ‘विद्यार्थी’ नावाच्या एकाच वर्गात प्रवेशापासून पदवीदानापर्यंत सारे कोंबले, तर जुन्या पानातला संसार केवळ नव्या घरात राहावयास येतो. तरीही जेथे नियम बदलत असतात आणि एकाच नियमाकडे अनेक दारांतून यावे लागते, तेथे हे आक्षेप गैरलागू ठरतात. परीक्षा, शुल्क आणि प्रवेश ही तिन्ही क्षेत्रे तशीच आहेत.

अध्यापनाच्या अंगाने येथे एक अडचण उभी राहते. पीएचपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षक ब्राउझरमध्ये पान उघडून पाहतो, नोंद डेटाबेसमध्ये गेली की नाही ते तपासतो आणि गुण देतो. पात्रतेचा नियम कंट्रोलरमध्ये आहे की स्वतंत्र वर्गात, याचा पडद्यावर काहीच मागमूस नसतो. त्यामुळे विद्यार्थ्यास तो वेगळा काढण्याचे कारणही उरत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘हाच नियम ब्राउझर आणि डेटाबेस यांच्याविना, कमांड लाइनवरून पाच निरनिराळ्या विद्यार्थ्यांसाठी चालवून दाखवा’ एवढी एक ओळ वाढविली, तर विभागणी झाली आहे की नाही हे त्या दोन तासांतच उघड होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या फ्रेमवर्कची वा अभ्यासक्रमाच्या फेररचनेची गरज नाही, मात्र बहिःस्थ परीक्षकाने ती ओळ कशासाठी आहे हे आधी जाणून घ्यावे लागेल.