छायाचित्रकाराचे दुसरे आणि तिसरे माध्यम

वृत्तछायाचित्रकाराने पुढे ग्रंथकार आणि मग चित्रपटकार व्हावे, हा क्रम आता जणू बढतीचा मानला जाऊ लागला आहे, आणि मुंबईवरील अलीकडच्या छायाचित्रग्रंथांत व लघुमाहितीपटांत या समजुतीचे जे पीक आले आहे ते वाचकाच्या संयमाची परीक्षा पाहणारे आहे. गुळगुळीत कागदावरचे पावसाळी मरीन ड्राइव्ह, शेजारी दोन हळव्या ओळी आणि पडद्यावर ड्रोनमधून सरकणारे शहर, हा या मंडळींचा ठरलेला ऐवज होय. त्यांची मुंबई बहुधा वांद्र्याला संपते. उत्तर टोकाचे दहिसर आलेच तर २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या निमित्ताने, तेही आकाशातून येते. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वस्तीत उतरणारी, तबेल्यांचे शेण व सांडपाणी वाहून नेणारी, २६ जुलै २००५ च्या महापुरात घराघरांत शिरलेली दहिसर नदी त्या उंचीवरून केवळ एक रेघ उरते.

गॉर्डन पार्क्स यांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, पण तो उलट बाजूने वाचला पाहिजे. 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाचे छायाचित्रकार असलेल्या पार्क्स यांनी १९६३ साली 'द लर्निंग ट्री' ही कादंबरी लिहिली आणि १९६९ मध्ये तिचा चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केला, कारण कॅन्सासमधले आपले बालपण कॅमेऱ्यासमोर आणणे छायाचित्रकार म्हणून त्यांना शक्यच नव्हते. मुंबईच्याच छायाचित्रकार सूनी तारापोरवाला यांच्याकडे पारशी समाजावरील छायाचित्रग्रंथ आहे, 'सलाम बॉम्बे'ची पटकथा आहे. मात्र त्यांचा 'ये बॅले' हा विषय आधी प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणाऱ्या आभासी वास्तव तंत्रातील माहितीपट म्हणून आणि नंतर २०२० साली कथापट म्हणून आला, तेव्हा त्यातला खडबडीतपणा कमी होऊन यशकथा तेवढी वाढली.

सुधारक ओलवे यांच्या कामाची जात वेगळी आहे. अकोल्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वृत्तपत्रासाठी काम केलेल्या ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे, म्हणजे रस्ते झाडणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या आणि गटारात उतरणाऱ्या, बहुतांशी दलित असलेल्या माणसांचे जे कृष्णधवल चित्रण केले, ते बातमीच्या गरजेने एका दिवसात उरकलेले नाही. ते कामगारांच्या घरात, कुटुंबात आणि संघटनेतही पोचते. २०१६ च्या पद्मश्रीपेक्षा ही पोच महत्त्वाची आहे. तरीही छायाचित्राची मर्यादा इथेच उघड होते: गटारातून वर येणारा माणूस दिसतो, पण तो कायम आहे की कंत्राटी, त्याचे नाव हजेरीपटावर आहे की नाही, हे दिसत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाचा जो प्रदीर्घ लढा होता तो सांगण्यासाठी ग्रंथ हवा, तारखा हव्यात, वेतनाचे आकडे हवेत. ओलवे यांना ग्रंथाकडे वळावे लागले ते म्हणूनच. हळव्या ओळी लिहिणाऱ्यांना मात्र अशी कोणतीच अडचण पडलेली नसते.

चित्रपटाचे माध्यम तर आणखी कठोर आहे, कारण तिथे माणूस बोलू लागतो आणि करुणेचे पार्श्वसंगीत त्याच्या बोलण्यावर ओतले की तो पुन्हा मुका होतो. पुण्याच्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' हा माहितीपट अतुल पेठे या नाट्यकर्मीने केला, आणि पुढे गो. पु. देशपांडे यांचे महात्मा फुल्यांवरील 'सत्यशोधक' हे नाटक पेठे यांनी त्याच कामगारांच्या संघटनेबरोबर रंगमंचावर आणले. ज्यांचे चित्रण झाले तेच फुल्यांच्या काळातली माणसे होऊन उभे राहिले. मुंबईच्या कॅमेरेवाल्यांना हे का जमू नये? पैशाची सबब खोटी आहे, कारण ज्याला ड्रोन भाड्याने घेता येतो त्याला दहिसर नदीकाठी वर्षभर लोकलने जाणे परवडते. परवडत नाही ते एवढेच, की अर्धवट जोडलेला माहितीपट महोत्सवाआधी वस्तीत दाखवावा आणि तबेल्यातल्या माणसाने 'हे चुकलंय, काढा' म्हटल्यावर तो भाग काढावा.