उत्तर कोणाला द्यायचे? मोफत विधी सेवेच्या कायद्याचे एक वाचन

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. सरकार न्यायासाठी जो पैसा खर्च करते, त्याचा जाब कोण विचारतो आणि कोणाला? न्यायव्यवस्थेत पोलीस, तुरुंग, न्यायालये असे सगळेच येते. आम्ही त्यातला एकच भाग घेणार आहोत. वकिलाची फी देण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला सरकारी खर्चाने मिळणारा वकील. त्यासाठी एक मजकूर आपण वाचू, तो म्हणजे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी कायद्याचे पुस्तक का उघडावे, असे कोणी म्हणेल. पण कायदा हाही एक ग्रंथच आहे. त्यात काय लिहिले आहे ते वाचायचे असते, आणि काय लिहायचे राहून गेले आहे तेही वाचायचे असते.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत आपण 'जबाबदारी' म्हणतो, जरा भारदस्त बोलायचे तर 'उत्तरदायित्व' म्हणतो. एकाच्या पोटात जबाब आहे, दुसऱ्याच्या पोटात उत्तर. आता उत्तर म्हटले की तीन गोष्टी आल्याच. प्रश्न विचारणारा कोणीतरी हवा. ज्याला विचारायचे तो ठरलेला हवा. आणि उत्तर आले नाही, तर पुढे काहीतरी घडायला हवे. यातली एक जरी गोष्ट गळाली, तर जबाबदारी राहत नाही, फार तर चांगुलपणा राहतो. ही तीन मापे हातात धरून आपण पुढे जाऊ.

हा हक्क आला कुठून? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क संविधानात आला. पैशाअभावी किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये, म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावे, असा त्याचा आशय. पण तो घातला निदेशक तत्त्वांत. म्हणजे राज्याने हे करावे, पण केले नाही म्हणून कोर्टात जाता येणार नाही. ही उणीव पुढे सर्वोच्च न्यायालयाने भरून काढली, आणि त्यातले दोन महत्त्वाचे खटले आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

पहिला १९७८ चा, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कैद्याला सर्वोच्च न्यायालयात जायला चार वर्षांहून अधिक उशीर झालेला. का झाला? उच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. कैदी म्हणतो, मला ती मिळालीच नाही. आणि प्रत मिळाल्याची त्याची सही कुठेही नाही. बघा, एवढीशी गोष्ट! एका सहीचा अभाव. पण त्यातून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोठा सिद्धांत काढला. निकालाची प्रत कैद्याला मोफत द्यायची, त्याची लेखी पोच घ्यायची आणि गरज असेल तर वकीलही द्यायचा. त्या वकिलाचे पैसे कोणी द्यायचे? ज्या राज्याने खटला भरून त्या माणसाचे स्वातंत्र्य काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली, त्याच राज्याने.

दुसरा खटला पत्रकार शीला बारसे यांचा, निकाल १९८३ चा. मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी त्या बोलल्या होत्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काही जणींनी सांगितले होते. न्यायालयाने आदेश दिला की कोणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवावे, आणि या कामाला लागणारा निधी राज्य सरकारने द्यावा. निधीचा उल्लेख निकालातच आहे, हे लक्षात ठेवा.

या दोन्हींच्या मधे, १९८० मध्ये, भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याचे प्रकरण आले, खत्री विरुद्ध बिहार राज्य. त्या बंदींना वकील दिला गेला नव्हता आणि कारण सांगितले गेले की त्यांनी मागितलाच नाही. पैशाची अडचणही पुढे करण्यात आली. न्यायालयाने दोन्ही सबबी नाकारल्या. हा हक्क मागण्यावर अवलंबून नाही, उलट तो आहे हे आरोपीला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे काम आहे. आणि तिजोरीत पैसा नाही, हे संविधानाने घातलेल्या कर्तव्यावर उत्तर होऊ शकत नाही.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आता कायदा उघडू. तो संमत झाला १९८७ मध्ये, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. मधली आठ वर्षे तो कागदावरच होता. यावर वेगळी टीका करायची गरज नाही.

आधी चांगले सांगितले पाहिजे. कलम १२ उदार आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्यापासून दिल्लीपर्यंत संस्थांची साखळी आहे. हिशोब नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून तपासले जातात आणि संसदेपुढे, विधिमंडळापुढे ठेवले जातात. हे कमी नाही.

आता कलम १४ बघा. केंद्र सरकार राष्ट्रीय प्राधिकरणाला अनुदान देईल, असे ते म्हणते. किती? केंद्र सरकारला योग्य वाटेल तितके. आमच्या मते या कायद्याचा सगळा स्वभाव या एका कलमात उतरला आहे. मराठीत 'दान' आणि 'देणे' असे दोन शब्द आहेत. दान किती करायचे ते दाता ठरवतो. देणे किती ते वही ठरवते, देणाऱ्याला काय वाटते याचा तिथे संबंध नाही. कांटने कर्तव्यांत जो भेद केला तो जवळपास हाच आहे. परोपकार किती करायचा याला मोकळीक असते, कर्ज किती फेडायचे याला नसते. सर्वोच्च न्यायालयाने ज्याला देणे म्हटले, त्याला कायद्याने दानाच्या खात्यावर घातले.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार देशात विधी साहाय्यावर दरडोई वर्षाला सुमारे साडेसहा रुपये खर्च होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले जवळपास ७६. दोष अजून सिद्ध न झालेली ही माणसे. त्यांतल्या सर्वांचेच अडले ते वकिलावाचून, असे आम्ही म्हणणार नाही. पण जामिनाचा अर्ज लिहायला आणि तारखेला उभे राहायला कोणीतरी लागते, हे तर खरे ना?

पैशानंतर देखरेख. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हा न्यायाधीश. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ वकिलांची योजना आली, आपल्याकडे त्यांना लोकअभिरक्षक म्हणतात. योजना चांगलीच आहे. पूर्वीच्या तुटपुंज्या मानधनावरच्या व्यवस्थेपेक्षा हे पुढचे पाऊल. पण हे वकील कंत्राटी असतात, आणि त्यांची निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख असतात तेच जिल्हा न्यायाधीश. म्हणजे ज्यांच्या न्यायालयात आरोपीसाठी भांडायचे, त्यांच्याच संस्थेकडून कंत्राट वाढवून घ्यायचे. न्यायाधीशांच्या सचोटीबद्दल आम्ही एक अक्षरही काढत नाही. पण सचोटीवर सोडावे लागते तिथे रचना अपुरी आहे, एवढेच. २०१० च्या विनियमांनी देखरेख समित्या आणल्या, पण त्याही प्रत्येक संस्थेने आपल्या आपणच नेमायच्या. घरातल्याने घरातल्याचा हिशोब तपासायचा!

यावर एक वजनदार आक्षेप आहे. सरकार स्वतःच फिर्यादी असते. आरोपीच्या वकिलावर सरकारची देखरेख आली, तर एकच हात दोन्ही बाजू खेळेल. म्हणून तर हे काम न्यायाधीशांकडे दिले. आक्षेप योग्य आहे, आणि मंत्रालयाने लोकअभिरक्षकांवर हुकूम चालवावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण बघा काय झाले. सरकार म्हणते, आम्ही पैसा दिला, कारभार न्यायपालिकेचा. प्राधिकरण म्हणते, जेवढा पैसा आला तेवढे काम केले. लेखापरीक्षक बघतो ते पावत्या जुळतात की नाही. वकील तारखेला आला का, आरोपीला एकदा तरी भेटला का, हे पावतीत येत नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळे, तो आत बसलेला. त्याने कोणाला विचारायचे? विचारले आणि उत्तर आले नाही, तर या कायद्यात कोणाचे काय बिघडते? काहीच नाही. आपल्या तीन मापांपैकी पहिले आणि तिसरे इथे रिकामे आहे.

रिकाम्या जागी मग मोजायला सोपे असलेले येऊन बसते. याच कायद्यात लोकअदालती आहेत. एका दिवसात इतकी प्रकरणे निकाली, हा आकडा बातमीला छान असतो. लोकअदालतीला आमचा विरोध नाही. पण तडजोड म्हणजे विधी साहाय्य नव्हे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून तर तिथे सल्ला देणारे कोणीतरी अधिकच गरजेचे. सर्वोच्च न्यायालयालाही २००८ मध्ये जालोर सिंग प्रकरणात सांगावे लागले की लोकअदालतीने तडजोड घडवावी, स्वतः न्यायनिवाडा करू नये.

मग वेगळे काही करता येते का? यासाठी बाहेर जायला नको, महाराष्ट्राचाच दाखला आहे. १९७७ चा रोजगार हमी कायदा. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला, तितकीच भर राज्याने घालायची असे ठरले. कर अजूनही पगारपत्रकात कापलेला दिसतो. आणि काम मागूनही पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. योजनेची अंमलबजावणी सगळीकडे नीट झाली असा दावा कोणी करणार नाही. पण कायद्याची बांधणी पाहा. पैसा कुठून येणार ते ठरलेले, प्रश्न मजुराने विचारायचा, आणि वचन मोडले तर सरकारच्या खिशाला चाट. ते देणे होते, दान नव्हते.

विधी सेवेच्या कायद्यात हीच तीन कलमे हवीत. एक, अनुदान सरकारला योग्य वाटेल तितके नको. ते बंदींच्या आणि खटल्यांच्या संख्येशी बांधलेले हवे. दोन, लोकअभिरक्षकांची नेमणूक आणि कामाची तपासणी ज्यांच्यापुढे ते उभे राहतात त्यांच्याकडे नको आणि सरकारकडेही नको. त्यासाठी स्वतंत्र मंडळ असावे, आणि त्याचा वार्षिक अहवाल विधिमंडळात नुसता ठेवला न जाता त्यावर चर्चा व्हावी. तीन, बंदीची सही. वकील भेटला, अमुक तारखेला भेटला, याची पोच बंदीच्या हातची, आणि ती नसेल तर त्याची भरपाई.

तिसरी सूचना आमची नव्हेच. निकालाच्या प्रतीपुरती ती १९७८ मध्येच न्यायालयाने केली होती. ती वकिलाच्या भेटीला लावायला कोणते मोठे बजेट लागणार आहे? एक वही लागेल आणि एक पेन. ती वही कोणी उघडून पाहणार आहे का, एवढाच प्रश्न आहे. तो आपल्या आमदारांना विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.